आतड्याचा जुना दाह आणि रक्ताची गुठळी

(आरोग्य पाठ)



शौचावाटे रक्त पडणाऱ्या माणसाला दवाखान्यात दाखल केले आणि डॉक्टरांनी त्याला रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन लिहून दिले, तर घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल? "अहो डॉक्टरसाहेब, ह्याचं रक्त आधीच जातंय, आणि तुम्ही रक्त पातळ करायचं औषध कशाला देताय?" प्रश्न रास्त आहे. ह्याच शंकेपोटी काही नातेवाईक ते इंजेक्शन नको म्हणून सांगतात. परंतु आतड्याच्या जुन्या दाहाच्या रोगात नेमके तेच इंजेक्शन जीव राखणारे ठरू शकते. असे का, ते आजच्या पाठात पाहू. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हा पाठ घरात मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचावा. शेजारीपाजारी उपयोगी पडेल.

१. रोग कोणता?

आतड्याचा जुना दाह म्हणजे मुख्यतः दोन रोग. पहिल्याला डॉक्टर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात. ह्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते व बारीक बारीक जखमा होतात. दिवसातून अनेकदा शौचाला पळावे लागते, पोटात कळ येते, रक्त आणि शेम पडते. दुसरा रोग म्हणजे 'क्रोन्स डिसीज'. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातले डॉ. बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला ते नाव पडले. हा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो आणि आतड्याची भिंत आरपार सुजवतो. पोट दुखते, जुलाब होतात, वजन उतरते, अंगात बारीक ताप राहतो.

हे दोन्ही रोग संसर्गाचे नाहीत. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. शरीराची रोगाशी लढणारी फौजच आपल्या आतड्यावर उलटते, असे थोडक्यात समजावे. पुष्कळदा ऐन तारुण्यात, पंधरा ते पस्तीस ह्या वयात ते सुरू होतात. ते बरेच दिवस शांत राहतात, मग एकाएकी उसळी घेतात. ह्या उसळीचा काळ ह्या पाठात महत्त्वाचा आहे, तो ध्यानात ठेवा.

"हे साहेबलोकांचे रोग, आपल्याकडे कुठले!" असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. पंजाबात केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. आपल्याकडे अडचण अशी होते की रक्त पडले म्हणजे "मूळव्याध असेल", जुलाब झाले म्हणजे "आव झाली असेल", असे म्हणून महिने निघून जातात. क्रोन्स रोग आणि आतड्याचा क्षय ह्यांत तर डॉक्टरांचीही गफलत होण्यासारखे साम्य आहे. म्हणून पंधरा-वीस दिवसांवर जुलाब व रक्त चालू राहिले, तर घरगुती उपायांवर न थांबता पोटविकाराच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

२. गुठळी म्हणजे काय?

बोट कापले की थोड्या वेळाने रक्त आपोआप थांबते. रक्त गोठून जखमेचे तोंड बंद होते, म्हणून ते थांबते. हा गुण नसता तर विळ्याचा एक वार लागताच माणूस दगावला असता. पण हेच गोठणे जखम नसलेल्या जागी, शिरेच्या आत झाले, म्हणजे अनर्थ होतो. अशी गुठळी बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरते. तिच्यामुळे रक्ताची परतीची वाट अडते व पाय सुजतो. एवढ्यावर भागले तरी बरे. पण गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर वर जातो, हृदयातून फुप्फुसात शिरतो आणि तिथली वाट बंद करतो. मोठा तुकडा असला तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

अशी गुठळी इतर जागीही धरते. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत धरते, क्वचित मेंदूच्या शिरांतही धरते.

आतड्याच्या दाहाचा आणि गुठळीचा संबंध नवा शोध नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बार्गन व बार्कर ह्या डॉक्टरांनी १९३६ सालीच कोलायटिसच्या रुग्णांत पडलेल्या मोठमोठ्या गुठळ्यांविषयी लिहून ठेवले आहे. पोटाचा रोग आणि पायाला सूज, ह्यांचा मेळ बसत नाही म्हणून ही गोष्ट घरोघर पोहोचली नाही, इतकेच.

३. गुठळी का धरते?

रुडॉल्फ फिर्खो ह्या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने गुठळीवरचा आपला अभ्यास १८५६ साली प्रसिद्ध केला. त्याच्या नावाने आजही गुठळीची तीन कारणे शिकवली जातात. आपण शेतकरी आहोत, तेव्हा पाण्याच्या पाटाचा दाखला घेऊ.

पहिले कारण, प्रवाह मंदावणे. पाटाचे पाणी जोरात वाहत असले तर गाळ बसत नाही. संथ झाले की बसतो. आजारी माणूस अंथरुणाला खिळला की पायातले रक्त संथ होते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व रक्त वर ढकलतात. पडून राहिले की हा पंप बंद पडतो.

दुसरे कारण, भिंत खराब होणे. पाटाची कड जिथे उखडलेली असते तिथे कचरा अडकतो. दाहाच्या रोगात शिरांच्या आतल्या गुळगुळीत अस्तरालाही त्रास पोहोचतो. शस्त्रक्रिया झाली किंवा औषधासाठी मोठ्या शिरेत नळी घातली, तर आणखी भर पडते.

तिसरे कारण, खुद्द रक्ताचा कल गोठण्याकडे जाणे. पाण्यातच गाळ जास्त असला तर पाट लवकर भरतो. आतड्याला दाह असला की शरीर त्याला मोठी जखम समजते आणि रक्त थांबवणारी द्रव्ये जादा तयार करते. रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, वाढतात. फायब्रिनोजेन नावाचे गोठवणारे द्रव्य वाढते. त्यात जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले की गुऱ्हाळातल्या काईलीतला रस आटावा तसे रक्त दाट होते.

आता पाहा, आतड्याच्या रोगाने उसळी घेतलेल्या रुग्णात ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. तो पडून असतो, दाह भडकलेला असतो, पाणी कमी झालेले असते.

४. धोका किती?

भीती घालण्याचा हेतू नाही, म्हणून आकडे सांगतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी तिथल्या कुटुंब-डॉक्टरांकडील नोंदी तपासल्या. आतड्याच्या दाहाचे तेरा हजारांहून अधिक रुग्ण आणि त्यांच्याच वयाचे सत्तर हजारांहून अधिक इतर लोक, अशी ती तुलना होती. २०१० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. तिचा निष्कर्ष असा :

सर्व काळ मिळून ह्या रुग्णांत गुठळीचा धोका इतरांच्या सुमारे साडेतीन पट होता. तरी प्रत्यक्ष संख्या लहानच, म्हणजे हजार रुग्ण वर्षभर पाहिले तर दोघातिघांना गुठळी.

रोगाची उसळी असताना मात्र धोका इतरांच्या आठ पटींवर गेला.

उसळी असून रुग्ण रुग्णालयात दाखल होता, त्या काळात धोक्याचा वेग वर्षाला हजारी सुमारे ३७ इतका होता. घरीच असलेल्या उसळीच्या रुग्णांत तो हजारी सहाच्या आसपास होता. पण घरी बसलेल्या निरोगी माणसाशी तुलना केली तर तो पंधरा पट भरला.

ह्याचा अर्थ असा की बहुसंख्य रुग्णांना गुठळी कधीच होत नाही. परंतु उसळीच्या दिवसांत, घरी असो वा रुग्णालयात, जपायला हवे. दुसरे म्हणजे, "अजून पोरसवदा आहे, ह्याला कसली गुठळी?" असे म्हणू नये. ह्या रोगात तरुण वयातही गुठळी धरते.

५. रक्त जात असताना ते इंजेक्शन कशासाठी?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्त जाते ते आतड्याच्या जखमांतून. गोठण्याकडे कल असतो तो अंगभर फिरणाऱ्या रक्ताचा. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदतात. पाटाला वरच्या अंगाला भगदाड पडून पाणी वाया चालले, म्हणून खालच्या चारीत गाळ बसायचा थांबतो का? उलट पाण्याचा जोर कमी झाल्याने तो जास्तच बसतो. तसेच हे आहे.

इंजेक्शनात जे औषध असते ते हेपॅरिन जातीचे. हेपॅरिनचा शोध अमेरिकेत १९१६ साली लागला. आज बहुतेक ठिकाणी त्याचा सुधारलेला प्रकार वापरतात; एनॉक्झापॅरिन हे त्यातले नेहमीचे नाव. दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, बारीक सुईने ते टोचतात. टोचलेल्या जागी थोडे काळेनिळे पडते, त्याने घाबरू नये. 'रक्त पातळ करणे' हा आपला बोलण्यातला शब्द. खरे तर रक्त पाण्यासारखे होत नाही, गोठण्याची क्रिया तेवढी मंदावते. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली मात्रा लहान असते. एवढ्या मात्रेने आतड्यातला रक्तस्राव फारसा वाढत नाही, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणूनच ह्या रोगाची तीव्र उसळी घेऊन दाखल झालेल्या रुग्णाला, शौचावाटे रक्त पडत असले तरी, हे इंजेक्शन द्यावे असे युरोप व कॅनडातील तज्ज्ञांच्या मंडळांनी लेखी सांगून ठेवले आहे.

अपवाद आहे. रक्त भळाभळा जात असेल, रक्तदाब खाली येत असेल, किंवा प्लेटलेट्स फार कमी झाल्या असतील, तर डॉक्टर इंजेक्शन थांबवतात आणि पायांना दाब देणारे मोजे किंवा यंत्र लावतात. तो निर्णय त्यांचा. आपण विचारावे जरूर. "डॉक्टर, ह्याला गुठळी होऊ नये म्हणून काय देताय?" एवढा एक प्रश्न नातेवाइकांनी विचारला तरी पुष्कळ काम होते. आतड्याच्या रोगासाठी शस्त्रक्रिया झाली असेल तर धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. तेव्हा इंजेक्शन घरी चालू ठेवायचे का, हेही विचारून घ्यावे.

६. खुणा ओळखा

पायातील गुठळी : बहुधा एकच पाय सुजतो. पोटरी किंवा मांडी दुखते, ताणल्यासारखी होते, हाताला गरम लागते, कातडी लालसर किंवा निळसर दिसते. दोन्ही पोटऱ्यांचा घेर दोरीने मोजून पाहा. एक उघड मोठी असेल तर उशीर करू नका.

फुप्फुसातील गुठळी : एकाएकी धाप लागते. श्वास घेताना छातीत टोचते. खोकल्यातून रक्त पडते, छाती धडधडते, घेरी येते.

पोटातील शिरेची गुठळी : नेहमीच्या कळेपेक्षा निराळी, न थांबणारी पोटदुखी, पोट फुगणे.

मेंदूतील शिरेची गुठळी : कधी नव्हे इतके डोके दुखणे, उलट्या, दिसायला अंधुक, झटका येणे, हातापायातली शक्ती जाणे.

धाप, छातीतली कळ, झटका ह्यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "ह्याला आतड्याचा जुना दाह आहे, आणि सध्या रोगाची उसळी आहे." हे वाक्य तपासणीची दिशा बदलते. पायासाठी डॉप्लर सोनोग्राफी व फुप्फुसासाठी सीटी स्कॅन करतात. 'डी-डायमर' नावाची रक्ताची तपासणी ह्या रोगात दाहामुळेही वाढलेली येते, म्हणून तेवढ्यावर निदान ठरत नाही.

७. हे करू नका

सुजलेली पोटरी चोळू नका. "शीर चढली", "लचक भरली" म्हणून तेल लावून जोराने मालीश करण्याची आपल्याकडे चाल आहे. गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटण्याचा धोका असतो. पाय करकचून बांधू नका, विटेचा शेक देऊ नका.

दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्यांसारख्या गोळ्यांनी आतड्याचा रोग भडकू शकतो.

जुलाब वाढतील ह्या भीतीने पाणी तोडू नका. साखर-मिठाचे पाणी, पेज, ताक पचेल तसे देत राहा.

८. गुठळी झालीच तर

औषधाने बहुतेक रुग्ण बरे होतात. उपचार निदान तीन महिने चालतो, कधी त्याहून जास्त. सुरुवातीला बहुधा इंजेक्शन, पुढे गोळ्या. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन ह्या नव्या गोळ्या आहेत. जुनी व स्वस्त गोळी वॉरफरिन.

वॉरफरिनची हकीकत शेतकऱ्याला सांगण्याजोगी आहे. १९२० नंतरच्या काळात उत्तर अमेरिकेत 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. चाऱ्याला बुरशी लागलेली असे. १९३३ साली विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचे न गोठणारे रक्त घेऊन, भर बर्फात कार्ल लिंक ह्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. पुढे त्याच कुळातले वॉरफरिन तयार झाले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी आले आणि १९५४ साली अमेरिकेत माणसाचे औषध म्हणून मान्य झाले. मात्रेत घेतले तर औषध, मात्रा चुकली तर विष, हे वचन ह्या गोळीला तंतोतंत लागू पडते.

म्हणून वॉरफरिन चालू असेल तर 'आय. एन. आर.' ही रक्ताची तपासणी सांगितलेल्या तारखेला करावीच. ती बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. मेथी, पालक ह्या पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी होतो. भाजी बंद करू नये. पण आठवडाभर एकही पान नाही आणि मग रोज जुडी, असेही करू नये. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. दुसरी कोणतीही गोळी, काढा, भस्म परस्पर घेऊ नये. शौचातले रक्त वाढले तर गोळी आपल्या मनाने न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

९. जपणूक

पहिली गोष्ट, आतड्याचा रोग ताब्यात ठेवणे. दाह शांत तर गुठळीचा धोकाही कमी. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. उसळीचे एक मोठे कारण तेच आहे. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्याने गुठळीचा धोका वाढतो. परंतु त्या एकदम सोडल्या तर वेगळेच संकट ओढवते. कमी करणे डॉक्टरांच्या हाती ठेवा. टोफासिटिनिब ह्या नव्या गोळीबाबत मोठ्या मात्रेत गुठळ्या होतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१९ साली दिला आहे. ती चालू असेल तर विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट, हालचाल. अंथरुणावर असलो तरी दर तासाला पावले खालीवर हलवावीत, दिवसातून चारदोनदा घरात फिरावे. लांबच्या प्रवासात गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले टाकावीत. उसाचा ट्रॅक्टर घेऊन तासन्‌तास रांगेत बसणाऱ्यांपैकी कुणाला हा रोग असेल, तर त्यानेही हे पाळावे.

तिसरी गोष्ट, विडी-सिगारेट सोडणे.

चौथी गोष्ट भगिनींसाठी. ज्यांना हा रोग आहे त्यांनी संततिनियमनाच्या गोळ्या किंवा सणावारी, वारीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांतील काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. गरोदरपणी व बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यात हा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांना आतड्याचा रोग आधी सांगावा. सासरी संकोचाने रोग लपवून ठेवणाऱ्या मुली असतात. घरच्यांनी त्यांना बोलते करावे.

पाचवी गोष्ट, रोग शांत असताना सरसकट रक्त पातळ करण्याची गोळी लागत नाही. "खबरदारी म्हणून" स्वतःहून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

१०. पाठावरील प्रश्न

(१) शौचावाटे रक्त जात असले तरी शिरेत गुठळी का धरू शकते?
(२) गुठळीची तीन कारणे पाटाच्या दाखल्याने सांगा.
(३) एकच पोटरी सुजली, तर कोणत्या दोन गोष्टी करू नयेत?
(४) एकाएकी धाप लागलेल्या रुग्णाबद्दल डॉक्टरांना पहिल्या वाक्यात काय सांगाल?
(५) वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीबाबत कोणता नियम पाळावा?

उत्तरे पाठातच आहेत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी रोगाचे नाव, चालू औषधे आणि डॉक्टरांचा फोन क्रमांक एका कागदावर लिहून तो कागद रेशनकार्डाजवळ ठेवावा. रात्री-अपरात्री निघायची वेळ आली, तर शोधाशोध नको.